जुना सिलिंडर, ताजे सील

तुमच्या इमारतीच्या जिन्याखाली एखादी जुनी चेतक स्कूटर धूळ खात उभी आहे का? पेट्रोलवर चालणारी ही स्कूटर १९७२ साली आली. पुढे तिचे उत्पादन थांबले. म्हणून वांद्र्याचा चेतकवाला सुट्या भागांसाठी मिठी नदी ओलांडतो आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठतो. तेथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात. दुकानदार सिलिंडर पुढे करतो, "एकदम चकाचक!" पण चकाकी म्हणजे माप नव्हे.

या टू-स्ट्रोक इंजिनाच्या नव्या सिलिंडरचा व्यास असतो ५७ मि.मी. वापराने तो झिजून रुंदावतो. ०.१ मि.मी.ची झीज डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा सोबत त्याच मापाची नवी पिस्टन-रिंग न्या, ती पिस्टनने ढकलून सिलिंडरमध्ये सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. परीघ व्यासाच्या π पट असतो ना? मग व्यास ०.१ मि.मी.ने वाढला, की फट ०.३१ मि.मी.ने वाढणार! सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही, म्हणून वरच्या व खालच्या भागातही मोजा. (सिलिंडर आधी बोअर केलेला असेल तर रिंगही मोठी लागेल, ते आधी विचारा.)

रबरी ऑइल-सीलला मात्र ही युक्ती चालत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या पेटीत शिरते. तेथील सील कडक झाले, की बाहेरची हवा आत घुसते, मिश्रण विरळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. शिवाय हवेतील ऑक्सिजनमुळे न वापरलेले रबरही वर्षानुवर्षे पडून कडक होते. तेव्हा पुडके कोरे दिसले तरी सीलची कड नखाने दाबून पाहा. लवली नाही, तर परत द्या.