सिंधुरक्षक

भारतीय नौसेनेची ‘सिंधुघोष’ वर्गातील डीझेल-विद्युत् पाणबुडी. रशियातील सेंट पीटर्झबर्ग येथे बांधलेली ही पाणबुडी २४ डिसेंबर १९९७ रोजी नौसेनेत दाखल झाली. भारताने युद्धात आजवर एकही पाणबुडी गमावलेली नाही. ‘सिंधुरक्षक’ नष्ट झाली ती शांततेच्या काळात, मुंबईच्या नाविक गोदीत.

पाण्याखाली खोल गेल्यावर हवेअभावी डीझेल एंजिने बंद ठेवावी लागतात व पाणबुडी विद्युत् घटमालांवर चालते. घटमाला भारित होताना हायड्रोजन वायू सुटतो. बंदिस्त हवेत त्याचे प्रमाण सु. ४ टक्क्यांवर गेले, तर एक ठिणगीही स्फोटास पुरते. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापटनम् येथे याच पाणबुडीच्या घटमाला कक्षात आग लागून एक नाविक दगावला. त्यानंतर रशियात सेव्हेरोद्‌व्हिन्स्क येथे तिची दुरुस्ती व आधुनिकीकरण झाले.

१४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर तिच्या पुढील भागातील शस्त्रकक्षात स्फोट झाले. पाणतीर व क्षेपणास्त्रे भरलेली पाणबुडी धक्क्याशीच बुडाली. आतील ३ अधिकारी व १५ नाविक मृत्युमुखी पडले. (रशियाची ‘कुर्स्क’ २००० मध्ये अशाच पाणतीर-स्फोटाने ११८ जणांसह बुडाली होती.) जून २०१४ मध्ये सांगाडा वर काढण्यात आला व २०१७ मध्ये अरबी समुद्रात खोल पाण्यात बुडविण्यात आला.

दरम्यान, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर होऊन दोन अधिकारी मरण पावले. त्याच दिवशी नौसेनाप्रमुख ॲडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला.