काळीच्या पोटातला कर्ब

हवामान बदलते आहे असे म्हटले की आपली नजर साहजिकच आकाशाकडे जाते. अकोल्या-अमरावतीस मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा वर पाहण्यावाचून माणूस दुसरे काय करणार? परंतु या प्रश्नाचा मोठा भाग पायांखाली, आपल्या काळ्या जमिनीत आहे.

हवाई बेटावर १९५८ साली हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग आढळले. आज ते ४२० च्या वर आहेत. याच वायूतून झाड आपला देह घडविते. पाने, मुळे, धसकटे कुजली की त्यांतील बहुतेक कर्ब हवेत परततो; थोडा मातीत राहतो. हा ‘थोडा’ लहान समजू नये. सर्व वातावरणात सुमारे ९०० अब्ज टन कर्ब आहे, तर जगातील जमिनींच्या वरच्या एका मीटरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. त्यातला निम्म्याच्या आसपास एका फुटाखाली असतो.

खाली तो टिकतो का? तेथे प्राणवायू कमी, जीवाणू विरळ, आणि चिकणमातीचे कण त्यास धरून ठेवतात. खोल थरांतील कर्ब पुष्कळदा हजारो वर्षांचा निघतो. वऱ्हाडची काळी तर या कामी जणू मुद्दाम घडविलेली! उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, त्यांत माती व पालापाचोळा पडतो; पावसाने ती फुगते व भेगा मिटतात. जे काम नांगराने होत नाही, ते ती स्वतःच करते.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे अशाच काळ्या जमिनीवर १९७६ पासून प्रयोग चालला. एकीकडे जुनी वहिवाट, म्हणजे पावसाळ्यात पड आणि मग रब्बी पीक. दुसरीकडे सरी-वरंबे, खत, आणि ज्वारीत तूर. चोवीस वर्षांनी दुसऱ्या जमिनीत १२० सेंटिमीटर खोलीपर्यंत हेक्टरी सुमारे ७ टन कर्ब अधिक भरला. धान्यही कितीतरी अधिक आले. तुरीचे मूळ खोल जाते, हे आपल्या शेतकऱ्यास काही नवे नाही.

मात्र जमिनीत साठलेला प्रत्येक कर्ब हितकारक नसतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा पाहा. तेथे खालच्या थरांत चुनखडी जमते. शंभर किलो शुद्ध चुनखडीत बारा किलो कर्ब असतो. पण ती जमताना कॅल्शियम अडकून पडते, सोडियमचे प्रमाण वाढते, मातीची छिद्रे बुजतात. मग पाणी मुरत नाही, मूळ उतरत नाही. शिवाय चुनखडी जमताना काही कार्बन डायऑक्साइड बाहेरही पडतो. म्हणजे हा साठा आकाशाच्या कामाचा फारसा नाही आणि शेतकऱ्याच्या तर मुळीच नाही. अशा जमिनीस जिप्सम व हिरवळीचे खत द्यावे लागते.

मग माती आपल्याला तारील काय? हिशेब करून पाहू. पारसच्या वीजकेंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या एकाच वाघिणीत त्या ७ टनांहून कितीतरी अधिक कर्ब असतो. ती जळते थोड्या वेळात. मातीस लागली चोवीस वर्षे. कोळसा जाळीत राहून मातीकडून फेड मागणे हा व्यवहार जमणारा नाही.

तरीही काळीकडे लक्ष पुरवावे असे आम्हांस वाटते, आणि त्याचे कारण घराजवळचे आहे. सेंद्रिय कर्ब असलेली माती पाणी मुरवते व धरून ठेवते. पावसाने महिनाभर ओढ दिली तर पीक त्या ओलीवर तग धरते. बोंडअळीमुळे पऱ्हाटी शेतात उभी ठेवता येत नाही, हे खरे. पण ती जाळलीच पाहिजे असे नाही. तुकडे करून, कुजवून तीच काळीला परत देता येते. आकाशाचे काम त्याने थोडेच होईल, शेताचे मात्र पुष्कळ होईल.