घोडबंदर रोड नक्की कुठला?

रस्त्यावर संशोधन करायचं ठरलं की बहुतेकजण क्रमांकापासून सुरुवात करतात. राज्य महामार्ग अमुक, सुरुवात इथे, शेवट तिथे, मध्ये एवढी गावं. नकाशावर रेघ ओढली की पहिलं प्रकरण तयार. यात गडबड कुठे होते ते घोडबंदर रोडवरून सांगते.

आज हे नाव घेतलं की ठाणं डोळ्यांसमोर येतं. माजिवड्याहून निघायचं, मानपाडा, कासारवडवली, ओवळा, गायमुख, मग एका हाताला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि दुसऱ्या हाताला खाडी ठेवून वरसाव्याला पश्चिमेकडच्या महामार्गाला लागायचं. हा राज्य महामार्ग ४२. आता तिथे टॉवर दिसतात, पण काही दशकांपूर्वीपर्यंत ही भातशेतीची खेडीच होती.

आता बांद्रा, अंधेरी, मालाड, बोरिवलीतली जुनी खरेदीखतं आणि पत्ते काढून बघा. तिथेही घोडबंदर रोडच सापडेल! तो म्हणजे आजचा स्वामी विवेकानंद मार्ग, आपला एस. व्ही. रोड. बांद्र्याहून रेल्वेच्या पश्चिमेने दहिसरपर्यंत जाणारा. साष्टी बेटाच्या दक्षिण टोकाकडून उत्तरेच्या खाडीपर्यंत जाणारी ही वाट शेवटच्या बंदरावरून ओळखली जायची. पुढे उपनगरात नाव बदललं, ठाण्याच्या बाजूला टिकलं.

ही वाट तिथेच का जात होती, हा प्रश्न मला क्रमांकापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. घोडबंदर खाडीकाठी आहे, समोर वसईचा मुलूख. पोर्तुगीजांचा किल्ला तिथे होता, १७३७ च्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली. राज्यं बदलली तरी खाडी ओलांडायची जागा सगळ्यांनाच हवी होती. दक्षिणेच्या टोकाला माहीम आणि बांद्रा यांच्यामध्येही पाणीच होतं. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, तेव्हा मुंबईतून गाडी थेट साष्टीत येऊ लागली. म्हणजे दोन पाण्यांमधला हा रस्ता आहे, आणि त्याचं महत्त्व त्या पाण्यांवर काय बांधलं जातं त्यावर ठरत गेलं. १८६४ मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वे मुंबईपर्यंत आली. तिने खाडी ओलांडली ती भाईंदरजवळ, घोडबंदरला नाही. बंदर बाजूला पडलं. रस्त्याला मात्र त्याचंच नाव राहिलं.

आता क्रमांकाकडे येऊ. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तुम्ही ‘राज्य महामार्ग’ शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही, कारण तो वर्गच तेव्हा नव्हता. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी विभागणी देशभरासाठी १९४३ च्या नागपूर योजनेत ठरली. महामार्गांबद्दलचा मुंबई राज्याचा कायदा १९५५ चा. क्रमांकही कायमचे नसतात. वरसाव्याहून जाणारा महामार्ग जुन्या कागदांत ८ आहे आणि २०१० च्या फेरबदलानंतर ४८. रस्ता तोच, डांबरही तेच. म्हणून टिपण काढताना क्रमांकाशेजारी कागदाचं वर्ष लिहायची सवय लावून घ्या. सहा महिन्यांनी स्वतःचंच टिपण वाचताना याचं महत्त्व कळतं.

तिसरी गोष्ट, रस्ता कोणाच्या ताब्यात. याच प्रश्नावर कागद कुठल्या कपाटात सापडणार ते ठरतं. १९५० मध्ये जोगेश्वरीपर्यंतची उपनगरं बृहन्मुंबईत आली, १९५७ मध्ये दहिसरपर्यंतची. त्यामुळे बोरिवलीच्या रस्त्याची १९४८ ची फाइल महापालिकेत मागायला गेलात तर खेटे वाया जातील. तिच्यासाठी त्या वेळची स्थानिक संस्था, लोकल बोर्ड, सार्वजनिक बांधकाम खातं आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख संचालनालय यांच्याकडे वळावं लागतं. आज हीच जुनी वाट मुंबई, मिरा-भाईंदर आणि ठाणे अशा तीन महापालिकांच्या हद्दीतून जाते. खड्डा पडला की लोक ‘हा नक्की कोणाचा?’ म्हणतात ते उगाच नाही. आणि हे केवळ प्रबंधापुरतं नाही. रस्तारुंदीत ज्याचं दुकान जाणार असतं त्याच्या हातातल्या जुन्या कागदावर घोडबंदर रोड असतो आणि नोटिशीवर स्वामी विवेकानंद मार्ग. हे दोन्ही एकच, हे दाखवणारा नकाशा त्याला हवा असतो.

म्हणजे नाव, क्रमांक, ताबा आणि प्रत्यक्ष मार्ग या चार गोष्टी एकाच वेळी बदलत नाहीत. तुमचा प्रबंध यातल्या कशाच्या मागे जाणार ते सारांश लिहिण्याआधी ठरवा. मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत हेच विचारतात, आणि ‘सगळंच’ हे उत्तर त्यांना चालत नाही. मार्ग धरलात तर सर्व्हे ऑफ इंडियाचे वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे एकमेकांवर ठेवून बघा. दहिसरच्या पुढे, काशिमिऱ्याकडे, जुनी वाट आणि नवा महामार्ग यांची गुंतागुंत तिथेच सुटते.

त्या भागात एक सापळा आहे, तेवढा सांगून थांबते. खाडीवरच्या पुलाला इंग्रजी कागदांत ‘व्हर्सोवा ब्रिज’ म्हणतात. अंधेरीच्या वेसाव्याशी त्याचा संबंध नाही. तो घोडबंदरजवळच्या वरसावे गावाचा पूल आहे.