जास्तीचा चेक आला? अनुवादकांनो, सावधान!

उर्दू, हिंदी, मराठी आणि कामापुरती इंग्रजी जाणणारे अनेक तरुण बुलडाणा जिल्ह्यात आहेत. मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर येथे घरी बसून परदेशातील भाषांतराचे कामही ई-मेलवर घेता येते. दुकानाचे भाडे नाही, मोठे भांडवल नाही. मात्र गिऱ्हाईक समोर नसते, याचाच फायदा ठग घेतात. त्यांच्या तीन युक्त्या जगभर चालतात.

पहिली जास्तीच्या चेकची. "आमचे कुटुंब तुमच्या शहरात येणार आहे, दुभाष्या हवा," असा ई-मेल येतो. भावात घासाघीस होत नाही. मग ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक येतो आणि उरलेले पैसे ड्रायव्हरला किंवा एजंटाला पाठवण्यास सांगितले जाते. खात्यात रक्कम जमा दिसली म्हणजे चेक वटला असे नव्हे. परदेशी चेक खोटा ठरून परत येण्यास काही आठवडेही लागतात. तेव्हा बँक ती रक्कम आपल्याच खात्यातून वळती करते. पाठवलेले पैसे गेलेले असतात.

दुसरी युक्ती आगाऊ पैशांची. काम देण्यापूर्वी नोंदणी फी किंवा अनामत मागतात. काम देणारा पैसे देतो, घेत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

तिसरी नावाच्या चोरीची. ठग आपला बायोडाटा मागवतो, त्यावरचा ई-मेल पत्ता बदलतो व आपल्या नावाने एजन्सीकडून काम घेतो. भाषांतर यंत्राकडून उरकतो. पैसे त्याचे, बदनामी आपली! म्हणून बायोडाट्यावर जन्मतारीख, आधार किंवा पॅन क्रमांक देऊ नये. एजन्सीचा फोन नंबर स्वतः शोधून खात्री करावी.

व्यापारी व कारागीर बंधूंनीही हे ध्यानात घ्यावे. "चुकून जास्त पैसे गेले, परत करा," असा फोन मोठ्या ऑर्डरच्या नावाखाली दुकानदारालाही येतो. मोबाईलवरील मेसेजवर विसंबू नये. बँकेचे खाते स्वतः तपासावे.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे व ई-मेल जपून ठेवावेत. लवकर कळवल्यास रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. तोतयेगिरीने अशी फसवणूक करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ठग परदेशात असला तर तो हाती लागणे कठीण. तेव्हा जास्तीची रक्कम परत मागणाऱ्याला एकच उत्तर द्यावे: आधी चेक वटू द्या.