भांगेतली तुळस : गांजाला औषध म्हणायचे का?

गोष्ट फेब्रुवारी २०१२ मधली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका आईने आपल्या पाच वर्षांच्या मुलीला तेलाचे काही थेंब दिले. मुलीचे नाव शार्लट. तीन महिन्यांची असताना तिला पहिली फिट आली, आणि पुढे निदान झाले ते ‘ड्रॅव्हे सिंड्रोम’ या दुर्मीळ आणि अत्यंत हट्टी अपस्माराचे. पाच वर्षांची होईतो तिला आठवड्याला सुमारे तीनशे झटके येऊ लागले होते. चालणे, बोलणे, घास गिळणे, शिकलेले एकेक काही ती विसरत चालली होती. बाजारातली औषधे करून झाली होती, डॉक्टरांनीही हात टेकले होते.

आईने दिलेले ते तेल गांजाच्या झाडापासून काढलेले होते. आई-वडिलांनी पुढे सांगितले की, त्यानंतरचा पहिला आठवडा झटक्यांविना गेला. मग महिन्याला दोन-तीन झटके, तेही बहुतेक झोपेत. मुलगी पुन्हा चालू लागली, बोलू लागली.

कोलोरॅडोच्या कायद्याप्रमाणे दोन डॉक्टरांच्या संमतीने हे तेल देता येत होते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे मात्र तोच गुन्हा होता. एकाच घरात, एकाच बाटलीबद्दल दोन कायदे! गांजाच्या औषधी वापरावरून गेली कित्येक वर्षे जगभर जो वाद चालला आहे, तो सारा या एका बाटलीत सामावलेला आहे. झाडाची एक चिमूटही घरात आणू नका, असे सांगणारे आणि आमच्या माणसाला एवढ्यानेच आराम पडतो, असे सांगणारे, दोघेही मुलाबाळांचीच काळजी वाहत असतात. मग खरे कोणाचे?

कलकत्त्यातले चाळीस दिवसांचे बाळ

या वादाची सुरुवात अमेरिकेत झाली, असे अनेकांना वाटते. पण आधुनिक वैद्यकाने या झाडाची पहिली पद्धतशीर तपासणी केली ती आपल्याकडे, कलकत्त्यात. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर तेथील मेडिकल कॉलेजात शिकवत असे. (भारतात पुढे तारायंत्राच्या तारा टाकणारा तो हाच!) वैद्य आणि हकीम भांग-गांजा कसा वापरतात हे त्याने विचारून घेतले, प्राण्यांवर प्रयोग केले, मग संधिवात, धनुर्वात, पटकी अशा रोग्यांना अर्क देऊन पाहिला आणि १८३९ साली आपले निष्कर्ष मांडले.

त्याने नोंदवलेल्या रोग्यांत अवघ्या चाळीस दिवसांचे एक बाळही होते. त्याला एकामागून एक आकड्या येत होत्या. इतर उपाय थकल्यावर गांजाच्या अर्काचे थेंब देण्यात आले आणि ते बाळ बरे झाले, असे ओशॉनेसी लिहितो. कोलोरॅडोतल्या मुलीच्या पावणेदोनशे वर्षे आधीची ही नोंद आहे. पुढे हा अर्क इंग्लंड-अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत बाटलीबंद मिळू लागला.

१८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात ‘हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. त्याने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या. माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे आणि सरसकट बंदीची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

औषधांच्या यादीतून गुन्ह्यांच्या यादीत

विसाव्या शतकात वारे फिरले. १९३७ साली अमेरिकेने गांजावर जबर कर बसवला. त्या देशातील डॉक्टरांच्या संघटनेच्या वतीने डॉ. विल्यम वुडवर्ड यांनी संसदेच्या समितीपुढे त्याला विरोध केला, पण उपयोग झाला नाही. काही वर्षांतच अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतून गांजाचे नाव गेले. १९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात गांजाला हेरॉईनच्या बरोबरीने सर्वांत कडक यादीत बसवण्यात आले. १९७० च्या अमेरिकन कायद्यानेही तेच केले. ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय उपयोग नाही’ हे त्या यादीचे लक्षण.

येथून एक विचित्र चक्र सुरू झाले. उपयोग सिद्ध झालेला नाही म्हणून झाड कडक यादीत, आणि कडक यादीत आहे म्हणून उपयोग तपासायला परवानगी मिळणे दुरापास्त! अमेरिकेत संशोधनासाठी कायदेशीर गांजा पिकवण्याचा परवाना अनेक दशके फक्त मिसिसिपी विद्यापीठाला होता. विहिरीला पाणी आहे की नाही ते सांगा, पण पोहरा आत सोडायचा नाही, असा हा प्रकार होता.

न्यायालयात आणि मतपेटीत

जे प्रयोगशाळेत व्हायला हवे होते ते मग न्यायालयात आणि निवडणुकीत होऊ लागले. वॉशिंग्टनच्या रॉबर्ट रँडॉल या तरुणाला काचबिंदू होता. गांजा ओढल्यावर डोळ्यांवरचा ताण उतरतो, असे त्याच्या लक्षात आले. घरी लावलेल्या रोपांमुळे १९७५ साली त्याला अटक झाली. ‘कायदा मोडला नसता तर मी आंधळा झालो असतो,’ असा त्याचा बचाव होता. वैद्यकीय चाचण्यांचा आधार घेऊन न्यायालयाने १९७६ साली तो मान्य केला आणि पुढे खुद्द सरकारच त्याला गांजा पुरवू लागले!

त्यानंतर एड्सची साथ आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयात मेरी रॅथबन नावाच्या वयस्क बाई एड्सच्या रुग्णांची सेवा करीत. मळमळीने अन्न टाकलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या तरुण मुलांसाठी त्या गांजा घातलेला ब्राउनी केक भाजून नेत. सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना १९९२ साली त्यांना पुन्हा अटक झाली आणि सारा देश हळहळला. त्याच शहरातील डेनिस पेरॉन यांचा जोडीदार एड्सने गेला होता. पेरॉन आणि सहकाऱ्यांनी सार्वमताची मोहीम काढली आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सुमारे ५६ टक्के मतांनी औषधी गांजाला संमती दिली. मग एकेक राज्य त्या वाटेने गेले. कॅनडाने २००१ मध्ये रुग्णांसाठी नियम केले, तर हॉलंडमध्ये २००३ पासून तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांच्या दुकानात मिळू लागला.

ब्रिटनमध्ये २०१८ च्या जूनमध्ये एक आई आपल्या अपस्मारी मुलासाठी कॅनडाहून आणलेले तेल घेऊन विमानतळावर उतरली आणि अधिकाऱ्यांनी बाटल्या जप्त केल्या. काही दिवसांतच मुलाला रुग्णालयात हलवावे लागले. एवढा गदारोळ झाला की गृहमंत्र्यांना खास परवाना देऊन तेल परत करावे लागले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून कायदाच बदलला.

झाडात नेमके आहे तरी काय?

अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे काढले गेले होते. गांजातला नशा आणणारा घटक कोणता, हे मात्र १९६४ साली कळले. इस्रायलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेकौलम आणि त्यांचे सहकारी यांनी पोलिसांनी पकडलेल्या चरसातून तो शोधून काढला. त्याचे नाव टीएचसी. झाडात सीबीडी नावाचा दुसराही महत्त्वाचा घटक आहे आणि त्याने नशा येत नाही. शार्लटच्या तेलात मुख्यतः हाच होता, टीएचसी नाममात्र.

१९९२ साली मेकौलम यांच्या प्रयोगशाळेत आणखी एक शोध लागला. आपल्या मेंदूतही टीएचसीसारखे काम करणारे एक द्रव्य तयार होते! त्याचे नाव ठेवताना संशोधकांनी संस्कृतातला ‘आनंद’ हा शब्द उचलला आणि ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. वेदना, भूक, मळमळ, स्नायूंचा ताण यांच्याशी या यंत्रणेचा संबंध आहे. म्हणूनच एकाच झाडाचे इतके निरनिराळे परिणाम दिसतात.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. मेकौलम यांनी ब्राझीलमधील डॉक्टरांबरोबर १९८० साली अपस्माराच्या रुग्णांवर सीबीडीची लहानशी चाचणी केली होती. ज्या आठ जणांना सीबीडी दिले, त्यांतील चौघांचे झटके जवळजवळ थांबले आणि आणखी तिघांना थोडा गुण आला. संख्या लहान होती हे खरे. पण या चाचणीचा कोणी गंभीरपणे पाठपुरावाच केला नाही. ही खंत मेकौलम अखेरपर्यंत बोलून दाखवत. २०२३ साली, ९२ व्या वर्षी ते वारले.

अनुभव आणि पुरावा

एका मुलीला गुण आला म्हणजे औषध सिद्ध झाले का? मुळीच नाही. आई-वडिलांची आशा हीदेखील डोळ्यांवर पट्टी बांधू शकते. म्हणूनच २०१७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी महत्त्वाची ठरली. ड्रॅव्हे सिंड्रोमच्या १२० मुलांना आणि तरुणांना दोन गटांत विभागले. एका गटाला शुद्ध सीबीडी आणि दुसऱ्याला औषध नसलेले, पण तसेच दिसणारे द्रव दिले. कोणाला काय मिळते आहे हे घरच्यांनाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. सीबीडीच्या गटात महिन्याचे झटके साधारण १२ वरून ६ वर आले, तर दुसऱ्या गटात १५ वरून जेमतेम १४ वर. म्हणजे औषध काम करते हे ठरले. तसेच ते जादू नाही, हेही ठरले. गुंगी, जुलाब, यकृतावर ताण असे दुष्परिणामही दिसले. जून २०१८ मध्ये अमेरिकेने ‘एपिडायोलेक्स’ नावाने त्याला मान्यता दिली. तेव्हा किंमत मात्र वर्षाला सुमारे साडेबत्तीस हजार डॉलर होती!

इतर आजारांचे काय? अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २०१७ साली सारे संशोधन चाळले. मोठ्या माणसांचे जुनाट दुखणे, केमोथेरपीनंतरच्या उलट्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, या तीन बाबतींत पुरावा चांगला आहे, असे तिने म्हटले. ब्रिटनच्या तज्ज्ञांनी मात्र २०१९ साली जुनाट दुखण्यासाठी टीएचसी किंवा गांजाजन्य औषधे देऊ नयेत असे सांगितले. काचबिंदूसाठीही आज नेत्रतज्ज्ञ याची शिफारस करत नाहीत, कारण परिणाम जेमतेम तीन-चार तास टिकतो आणि त्याहून चांगले थेंब उपलब्ध आहेत. कर्करोग समूळ बरा होतो, अशा बाताही मारल्या जातात. माणसांवरच्या चाचण्यांत त्याला आधार मिळालेला नाही.

विरोधकांची भीती पोकळ नाही

गांजा निरुपद्रवी आहे हे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. तो वापरणाऱ्यांपैकी दहातल्या सुमारे एकाला त्याची सवय जडते. कोवळ्या वयात सुरुवात केली तर हे प्रमाण वाढते. गांजाच्या सेवनाचा आणि स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकाराचा संबंध विज्ञान अकादमीच्या त्याच अहवालाने नोंदवला आहे. घराण्यात असा आजार असेल तर धोका अधिकच.

शिवाय ‘औषध’ या नावाखाली उघडलेले दार हळूहळू सताड उघडते, ही भीतीही खरी ठरलेली आहे. थायलंडने २०१८ अखेर औषधी वापराला मुभा दिली. जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतूनच काढला. पाहता पाहता गल्लोगल्ली दुकाने उघडली आणि पर्यटकांची झुंबड उडाली. शेवटी जून २०२५ मध्ये सरकारला ‘चिठ्ठी असेल तरच विक्री’ असा आदेश काढावा लागला. दरवाजा उघडताना उंबरठा आखला नाही की असे होते.

आपल्या दारात

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आहे. झाडाची नुसती पाने, म्हणजे भांग, त्या व्याख्येत येत नाही. तिचा कारभार राज्यांच्या नियमांवर आहे. आयुर्वेदात हीच वनस्पती ‘विजया’ नावाने येते आणि काही औषधी योगांत वापरली जाते. वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी परवाना देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेत या झाडावर काम चालू आहे.

शिवाय आपल्यापाशी अफूचा धडा आहेच. मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच भागात शेतकरी सरकारी परवान्याने, मोजून-मापून अफू पिकवतात. तिच्यापासून होणारे मॉर्फिन कर्करोगाच्या असह्य वेदना शमवते. म्हणून कोणी अफूची गोळी वाण्याच्या दुकानात विकायला ठेवत नाही. व्यसन आणि औषध यांच्यात फरक असतो तो मात्रेचा, शुद्धतेचा आणि देणाऱ्याच्या जबाबदारीचा.

तेव्हा घरात कोणाला असा आजार असेल तर बाटलीवरच्या जाहिरातीला भुलू नये. सीबीडीमुळे अपस्माराच्या काही चालू औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. चालू गोळ्या मनाने बंद केल्या तर झटके जिवावर बेतू शकतात. विचारायचे ते मेंदूविकारतज्ज्ञाला, आणि न लाजता विचारायचे.

तुळशीत भांग उगवली असे आपण म्हणतो. भांगेत कधी तुळस असू शकते, हे मान्य करायला जगाला फार वेळ लागला. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात मतदान झाले आणि हेरॉईनसोबतच्या त्या सर्वांत कडक यादीतून गांजाचे नाव वगळण्यात आले. बाजूने २७ मते, विरोधात २५. भारताने बाजूने मत दिले. झाड पूर्ण मोकळे झाले नाही. इतर अमली पदार्थांवरचे नियंत्रण त्यावर राहिलेच. पण त्याचा औषधी उपयोग असू शकतो, हे प्रथमच अधिकृतपणे मान्य झाले.

शार्लट हे पाहायला नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, फुप्फुसाच्या आजारपणात झटका येऊन ती गेली. तेलाने तिचा आजार बरा केला नव्हता. पण चालण्या-बोलण्याची, आईला ओळखण्याची आठ वर्षे तिला मिळाली होती.