विश्लेषण : तेल निघण्याआधीच शेअर का उसळतो? छोट्या तेलशोध कंपन्यांचे मूल्य गुंतवणूकदार कसे ठरवतात?

जानेवारी २००४ मध्ये तेल उद्योगात काही दिवसांच्या अंतराने दोन घोषणा झाल्या. शेल या बलाढ्य कंपनीने आपल्या सिद्ध साठ्यांपैकी सुमारे २० टक्के, म्हणजे ३.९ अब्ज पिंपे, ‘सिद्ध’ या वर्गातून काढून टाकली. दुसरीकडे केर्न एनर्जी या तुलनेने छोट्या स्कॉटिश कंपनीने राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात मंगला हे मोठे तेलक्षेत्र सापडल्याचे जाहीर केले. ज्या भूखंडात हे तेल सापडले, त्यातील आपला हिस्सा शेलने काही काळ आधीच केर्नला एक कोटी डॉलरपेक्षाही कमी किमतीत विकला होता! केर्नचा शेअर उसळला आणि त्याच वर्षी कंपनी लंडनच्या एफटीएसई १०० निर्देशांकात जाऊन बसली. मंगलातून तेल यायला मात्र २००९ चा ऑगस्ट उजाडला. मग गुंतवणूकदारांनी त्या साडेपाच वर्षांत नेमकी कशाची किंमत मोजली? समाजमाध्यमांवर ‘तेल सापडले, शेअर दहापट होणार’ असे संदेश फिरतात, तेव्हा हाच प्रश्न विचारायला हवा.

नेहमीचे मापदंड का चालत नाहीत?

साबण किंवा औषधे विकणाऱ्या कंपनीचा शेअर महाग की स्वस्त, हे पाहताना आपण नफा आणि शेअरच्या किमतीचे गुणोत्तर, म्हणजे पी-ई, पाहतो. छोट्या तेलशोध कंपनीला बहुतेकदा नफाच नसतो. असला तरी तो ज्या विहिरीतून येतो ती दरवर्षी थोडी थोडी आटत असते. कारखाना तोच माल पुढच्या वर्षीही बनवू शकतो. तेलक्षेत्रातून काढलेले पिंप मात्र परत भरत नाही. त्यामुळे आजचा नफा उद्या टिकेलच, हे गृहीतच इथे चुकीचे ठरते. म्हणून अशा कंपनीकडे दोन वेगळ्या वस्तूंचे गाठोडे म्हणून पाहिले जाते : हाती असलेले, मोजता येणारे साठे आणि अजून न खोदलेल्या विहिरींतील शक्यता.

‘साठे’ म्हणजे नेमके काय?

सर्वाधिक गफलत इथेच होते. जमिनीखाली असलेले तेल आणि बाहेर काढता येणारे तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खडकाच्या छिद्रांत अडकलेल्या तेलापैकी बरेचसे कायम तिथेच राहते. एक तृतीयांश हाती लागले तरी ते चांगले मानले जाते. त्यामुळे ‘अमुक कोटी पिंपांचे भांडार’ अशी घोषणा ऐकली की तो आकडा जमिनीतील तेलाचा आहे की काढता येणाऱ्या, हे आधी पाहावे लागते.

जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणात तीन पायऱ्या आहेत. विहीर खोदलेलीच नाही, केवळ भूकंपीय सर्वेक्षणावरून अंदाज आहे, ती ‘संभाव्य संसाधने’. तेल सापडले आहे; पण विकास आराखडा, मंजुरी, वाहिनी किंवा पैसा यांपैकी काही अडले आहे, ती ‘सशर्त संसाधने’. आणि प्रकल्प निश्चित आहे, तेल फायद्यात काढता येणार आहे, तेव्हाच ते ‘साठे’. साठ्यांतही तीन आकडे असतात. १पी म्हणजे सिद्ध साठे : निदान एवढे तेल निघेल याची शक्यता किमान ९० टक्के. २पी म्हणजे सिद्ध अधिक संभवनीय : शक्यता ५० टक्के. ३पी हा आशावादी आकडा असून त्याची शक्यता जेमतेम १० टक्के असते. जाणते गुंतवणूकदार साधारणपणे २पीवर हिशेब मांडतात आणि बँका कर्ज देताना त्याहूनही सावध असतात. हे आकडे कंपनीच्या स्वतःच्या तज्ज्ञांचे आहेत की स्वतंत्र लेखापरीक्षकाचे, यालाही महत्त्व असते. शेलसारख्या कंपनीचा हिशेब चुकू शकतो, तर छोट्या कंपनीचा का नाही?

हाती असलेल्या साठ्यांची किंमत कशी काढतात?

पहिला मार्ग झटपट आहे. कंपनीच्या बाजार भांडवलात कर्ज मिळवायचे, हातातील रोकड वजा करायची आणि येणाऱ्या रकमेला २पी साठ्यांतील पिंपांनी भागायचे. उदाहरणार्थ, ही रक्कम ४०० कोटी रुपये आणि साठे एक कोटी पिंप असतील, तर बाजार जमिनीखालील प्रत्येक पिंपाला ४०० रुपये देत आहे. शेजारच्या कंपनीला ७०० रुपये मिळत असतील तर ही स्वस्त वाटते. पण फरकामागे कारण असू शकते. नैसर्गिक वायूचे सहा हजार घनफूट हे ऊर्जेच्या हिशेबाने एका पिंपाएवढे धरले जातात. किमतीच्या हिशेबाने नव्हे. ओएनजीसी आणि ऑइल इंडियाच्या जुन्या क्षेत्रांतील वायूवर एप्रिल २०२३ मध्ये सरकारने प्रति एकक ६.५ डॉलरची मर्यादा घातली, तेव्हा त्या दराने ‘पिंपभर’ वायूचे जेमतेम ३९ डॉलर होत होते. म्हणजे एकूण आकड्यात तेल किती आणि वायू किती, हे न पाहता केलेली तुलना फसवी असते.

दुसरा मार्ग सविस्तर आहे. दरवर्षी किती तेल निघेल, काय भाव मिळेल, काढण्याचा खर्च, स्वामित्वधन आणि सरकारचा वाटा किती, हे मांडून उरणाऱ्या पैशाचे आजचे मूल्य काढतात. पाच वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य १० टक्के दराने ६२ रुपये होते, १५ टक्के दराने जवळपास ५०. म्हणून विलंब हा तेल कंपनीच्या मूल्याचा मोठा शत्रू. मंगलाचे तेल मेणचट आहे, साध्या तापमानाला ते गोठते. ते वाहते ठेवण्यासाठी गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरची तापवलेली वाहिनी टाकावी लागली. फॉकलंड बेटांजवळचे सी लायन क्षेत्र रॉकहॉपर या छोट्या कंपनीला २०१० मध्ये सापडले, शेअर कित्येक पटींनी वाढला. पण दहा वर्षे उलटली तरी तिथून तेल निघाले नव्हते.

न खोदलेल्या विहिरीची किंमत कशी?

इथे गणित शक्यतेचे असते. समजा, एका कंपनीकडे ४०० कोटी रुपये मूल्याची चालू तेलक्षेत्रे आहेत आणि १० कोटी शेअर आहेत. म्हणजे शेअरमागे ४० रुपये. ती एक नवी विहीर खोदणार आहे. खर्च ८० कोटी. तेल सापडले तर खर्च वजा जाता ६०० कोटींचे मूल्य, आणि सापडण्याची शक्यता २० टक्के. या विहिरीचे आजचे अपेक्षित मूल्य असे : ६०० कोटींचे २० टक्के म्हणजे १२० कोटी, त्यातून ८० कोटींचे ८० टक्के, म्हणजे ६४ कोटी वजा. उरले ५६ कोटी, शेअरमागे ५ रुपये ६० पैसे. शेअरचे रास्त मूल्य झाले साडेपंचेचाळीस रुपयांच्या आसपास.

आता हाच शेअर बाजारात ७० रुपयांना मिळत असेल तर? चालू क्षेत्रांचे ४० वजा केल्यावर बाजार या एका विहिरीसाठी ३० रुपये, म्हणजे एकूण ३०० कोटी मोजत आहे. गणित उलटे फिरवले, तर यशाची शक्यता सुमारे ५६ टक्के धरली तरच हा भाव जुळतो. भूगर्भतज्ज्ञ २० टक्के म्हणतात आणि बाजार ५६. विहीर कोरडी निघाली तर शेअरमागे फक्त ३२ रुपयांचे मूल्य उरते. नव्या प्रदेशातील शोधविहिरींमध्ये बहुतेक विहिरी कोरड्याच निघतात, हे लक्षात घेतले की खोदाईच्या बातमीवर घेतलेला शेअर अंगलट का येतो, ते कळते. अनेक जाणते गुंतवणूकदार खोदाई सुरू होण्याआधी घेतात आणि निकालाआधीच काही हिस्सा विकतात, तो याच कारणाने.

केर्नलाही हे चुकले नाही. राजस्थानातील यशानंतर कंपनीने २०१० आणि २०११ मध्ये ग्रीनलंडच्या समुद्रात आठ विहिरी खोदल्या. एकीतही व्यापारी प्रमाणात तेल मिळाले नाही. त्याहून बोलके उदाहरण डिझायर पेट्रोलियमचे. डिसेंबर २०१० मध्ये फॉकलंडजवळ तेल सापडल्याचे या कंपनीने जाहीर केले आणि काहीच दिवसांत सांगितले की ते मुख्यतः पाणी होते. शेअर कोसळला. सुरुवातीच्या बातमीवर घाईने खरेदी करणाऱ्यांचे पैसे त्यात गेले.

सरकारचा वाटा किती महत्त्वाचा?

जमिनीखालचे तेल सरकारचे असते. कंपनीला ते काढण्याचा हक्क मिळतो. त्यामुळे त्याच पिंपाची किंमत करारानुसार बदलते. मंगलाच्या भूखंडात ओएनजीसीचा हिस्सा ३० टक्के. पण स्वामित्वधन मात्र ती पूर्ण भरत असे. २०११ मध्ये वेदान्ताने केर्न इंडिया विकत घेण्याच्या व्यवहाराला मंजुरी देताना सरकारने अट घातली की, हे स्वामित्वधन प्रकल्पाच्या खर्चात धरावे. तेलाचा एक थेंबही कमी झाला नाही, तरी केर्न इंडियाच्या भागधारकांच्या वाट्याला येणारा पैसा कमी झाला.

उलटही घडते. सरकारने १ जुलै २०२२ रोजी देशांतर्गत तेलावर अनपेक्षित नफ्यावरील कर लावला, त्याचा दर सुरुवातीला टनामागे २३,२५० रुपये होता. मात्र आदल्या वर्षी २० लाख पिंपांपेक्षा कमी उत्पादन असलेल्या कंपन्यांना त्यातून सूट होती. डिसेंबर २०२४ मध्ये हा कर रद्द झाला. मधल्या काळात लहान असणे हाच फायदा ठरला.

मुंबईजवळचे उदाहरण काय सांगते?

हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन ही भारतातील जुनी खासगी तेलशोध कंपनी. तिची स्थापना १९८३ मध्ये एचडीएफसीचे संस्थापक एच. टी. पारेख यांच्या पुढाकाराने झाली. सरकारने २०१६ मध्ये ओएनजीसी आणि ऑइल इंडियाने शोधलेली. पण विकसित न केलेली छोटी क्षेत्रे लिलावात काढली, तेव्हा मुंबईलगतच्या समुद्रातील बी-८० हे क्षेत्र या कंपनीकडे आले. तेल आधीच सापडलेले असल्याने कोरड्या विहिरीची भीती इथे कमी. विकण्याचे आणि भाव ठरवण्याचे स्वातंत्र्यही होते. तरीही उत्पादन सुरू व्हायला २०२२ उजाडले. दुसरा धोका आकाराचा आहे. मोठ्या कंपनीच्या शेकडो विहिरींपैकी एक बंद पडली तर कळतही नाही. मोजक्या विहिरींवर चालणाऱ्या क्षेत्रात एक बिघाड किंवा पावसाळ्यात तेल उचलायला झालेला उशीर थेट तिमाहीच्या निकालात दिसतो.

तेलाचा भाव पडला तर?

छोट्या कंपनीला त्याचा फटका दुपटीने बसतो. एका पिंपामागे खर्च आणि कर ४० डॉलर असतील आणि भाव ७० असेल तर उरतात ३०. भाव ५५ झाला की उरतात १५. भाव जेमतेम २१ टक्के उतरला. उरणारा पैसा निम्मा झाला. २०१४ च्या मध्यात ११० डॉलरपुढे असलेले ब्रेंट तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरखाली गेले, तेव्हा कर्ज काढून विहिरी खोदणाऱ्या अनेक छोट्या कंपन्या संकटात सापडल्या. बँका साठ्यांच्या मूल्यावर कर्ज देतात. भाव पडला की साठ्यांचे मूल्य आणि कर्जाची मर्यादा एकाच वेळी घटते.

सामान्य गुंतवणूकदाराने काय तपासावे?

पहिली गोष्ट रोकड. पुढची विहीर खोदायला पैसा कुठून येणार? उत्तर ‘नवे शेअर विकून’ असे असेल तर तेल सापडूनही जुन्या भागधारकाचा वाटा आक्रसतो. दहा कोटींचे वीस कोटी शेअर झाले की ६०० कोटींच्या यशातून शेअरमागे ६० नव्हे, ३० रुपयेच मिळतात. दुसरी गोष्ट भागीदार. एखादी मोठी कंपनी खोदाईचा खर्च उचलून हिस्सा घेत असेल, तर तिच्या भूगर्भतज्ज्ञांनी ती माहिती तपासली आहे, असा त्याचा अर्थ. भागीदार मिळतच नसेल, तर का मिळत नाही, हे विचारावे. तिसरी, जाहीर केलेला आकडा संपूर्ण क्षेत्राचा आहे की कंपनीच्या हिश्शाचा. चौथी, वर्षभरात काढले तेवढे तेल साठ्यांत नव्याने भरले का. आणि पाचवी, आधीच्या तीन-चार वर्षांत कंपनीने दिलेल्या तारखा आणि उत्पादनाचे अंदाज खरे ठरले का. शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या जुन्या घोषणा आणि वार्षिक अहवाल मोफत मिळतात. अर्धा तास त्यात घालवला तर फोनवर आलेल्या ‘मल्टिबॅगर’च्या संदेशात संभाव्य संसाधनांचा आकडा ‘साठे’ म्हणून खपवला आहे का, हे बहुतेक वेळा स्वतःलाच ओळखता येते.