पाय टिकतात, कातडी टिकत नाही

दिवाळी झाली की पुण्यात लांबच्या सायकल राईडचा खरा हंगाम सुरू होतो. पाऊस गेलेला असतो, ऑक्टोबरची काहिली ओसरलेली असते आणि पहाटे कात्रजच्या जुन्या घाटात बोटं गारठतात. कोणी महाबळेश्वर गाठायचं ठरवतं, कोणी दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, ठरावीक वेळेत पुरी करायच्या राईडला, नाव नोंदवतं. कोणी डेक्कन क्लिफहँगरची, म्हणजे पुणे ते गोवा या सुमारे ६४० किलोमीटरच्या शर्यतीची तयारी वर्षभर करत आलेलं असतं. पायांतली ताकद, छातीतला दम, गिअर, टायर, दिवे, खाणंपिणं यांवर तासन्‌तास बोलणं होतं. पण पाय शाबूत असतानाही ज्या कारणाने माणूस अर्ध्या वाटेत सायकलवरून उतरतो, त्याबद्दल चारचौघांत कोणी अवाक्षर काढत नाही. जांघ सोलवटते, बैठकीची कातडी हुळहुळी होते आणि मग सीटवर टेकणंच नको होतं.

हे फक्त नवशिक्यांना होतं, असा एक समज आहे. तो अगदी चुकीचा आहे. आयर्लंडचा शॉन केली १९८७ साली स्पेनची व्हुएल्टा शर्यत जिंकण्याच्या बेतात होता. शर्यत संपायला अवघे तीन दिवस उरले होते आणि तो सगळ्यांच्या पुढे होता. बैठकीच्या जागी झालेल्या गळवाने त्याला माघार घ्यायला लावली. पुढच्या वर्षी त्याने तीच शर्यत जिंकली. फ्रान्सचा लुइझों बोबे १९५५ साली सलग तिसऱ्यांदा टूर द फ्रान्स जिंकला, तेही असल्याच जखमा सोसत, आणि नंतर त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. इतक्या कसलेल्या माणसांवर ही वेळ येते, तर आपण लाजून गप्प बसायचं काही कारण नाही.

हे होतं कसं, ते आधी पाहू. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांच्या आत पुरी करायची असते. त्यातले नऊ तास प्रत्यक्ष सीटवर गेले आणि पॅडल मिनिटाला ७५ वेळा फिरलं, तर प्रत्येक मांडी चाळीस हजारांहून जास्त वेळा वरखाली होते. तेवढ्याच वेळा कापड कातडीवर सरकतं. मांडीच्या आतल्या बाजूला कातडीचा सर्वांत वरचा, संरक्षण करणारा थर केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. घामाने तो भिजतो, फुगतो आणि मऊ पडतो. कोरड्या कातडीपेक्षा अशा दमट कातडीवर कापड जास्त अडकतं, म्हणजे घर्षण वाढतं. घाम वाळला की मागे मीठ उरतं. काळ्या शॉर्ट्सवर राईडनंतर ज्या पांढऱ्या रेघा दिसतात, तेच हे मीठ, आणि त्याचे बारीक कण कापड आणि कातडी यांच्यामध्ये घासत राहतात. आधी नुसती चरचर होते, मग लाली येते, मग सालटं निघतं. सालट्यातून किंवा केसाच्या मुळातून जंतू आत शिरले की केसतोड होतं. तसंच दामटत राहिलं की त्याचं गळू बनतं.

साठी-सत्तरीतली मंडळी हमखास म्हणतात, आम्ही पायजम्यावर, धोतरावर आयुष्यभर सायकल चालवली, आम्हाला कधी असलं काही झालं नाही. ते खरंच आहे, कारण ती सायकल वेगळी होती आणि अंतरही वेगळं होतं. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जुन्या सायकली पाहाव्यात. हँडल उंच, पाठ ताठ, खाली रुंद सीट. बसणाऱ्याचा भार बैठकीच्या दोन हाडांवर सरळ पडायचा. पेठेतून कॉलेज किंवा कारखाना गाठेपर्यंत अर्धा-पाऊण तास जायचा. आजच्या रोड बाईकवर माणूस पुढे झुकतो, सीट चिंचोळी असते, भार हाडांवरून पुढच्या मऊ भागाकडे सरकतो आणि बैठक आठ-दहा तासांची होते. म्हणून जुन्या सवयी इथे पुरत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचा भाग कपड्यांचा, आणि त्यातही शिवणीचा. जीन्स उलटी करून पाहा. दोन्ही पायांच्या आणि पुढच्या-मागच्या शिवणी जिथे एकत्र येतात, तिथे कापडाच्या जाड थरांची एक टणक गाठ होते. ती नेमकी सीट आणि शरीर यांच्यामध्ये येते. हिंजवडीपर्यंत रोज जीन्सवर सायकल चालवणाऱ्यांनी ऑफिसमध्ये जाऊन कपडे बदलावेत, हाच त्यावरचा सोपा उपाय. सुती कपड्याची अडचण वेगळी. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. घरात तो गुण, लांबच्या राईडवर दोष. ओल्या सुताच्या घड्या पडतात आणि त्या काचतात.

त्यासाठी पॅडेड शॉर्ट्स. त्यातल्या पॅडला शॅमी म्हणतात, कारण पूर्वी तिथे शॅमी नावाच्या डोंगरी प्राण्याचं मऊ कमावलेलं कातडं शिवत. ते धुऊन वाळलं की कडक व्हायचं, म्हणून त्याला मलम चोळून मऊ करत. आताचं पॅड फोमचं आणि कृत्रिम धाग्याचं असतं, पण मलमाची पद्धत टिकली. हे पॅड कातडीलगत घालण्यासाठीच बनवलेलं असतं. तरीही संकोचापोटी कितीतरी जण आत अंडरवेअर घालतात. मग तिचं इलास्टिक आणि शिवण पॅडखाली दाबली जाते आणि जांघेत नेमका त्याच रेषेवर चट्टा उमटतो. नुसती पॅडेड शॉर्ट्स घालून चारचौघांत वावरणं अवघड वाटत असेल, तर वरून सैल हाफ पँट घालावी. आत मात्र काही नको.

शॉर्ट्स विकत घेताना दुकानात उभं राहून आरशात पाहिलं की त्या विचित्रच वाटतात, पॅड लोंबल्यासारखं दिसतं. त्यांची पारख वाकून करायची. दुकानात सायकल असतेच, तिच्यावर बसून हँडल धरावं. त्या स्थितीत पॅड अंगाला चिकटून राहिलं पाहिजे आणि मांडी वर नेताना कुठेही घडी पडता कामा नये. बोट आत घालून पॅडची कड चाचपावी. ती मांडीच्या आतल्या वळणावर येत असेल, तर ती जोडी परत ठेवावी. जाड पॅड म्हणजे आरामदायी पॅड, हेही खरं नाही. जाड मऊ पॅड जास्त हलतं, जास्त घाम धरतं. कंबरेच्या इलास्टिकऐवजी खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट लांबच्या राईडला उत्तम, कारण ती घसरत नाही. बायकांना मात्र वाटेत स्वच्छतागृहात ती काढणं-घालणं जिकिरीचं होतं आणि आपल्या हायवेवरची स्वच्छतागृहं पाहता ही अडचण किरकोळ नाही. मागून सुटणारी बिब मिळते. नसेल तर रुंद, मऊ कमरेची शॉर्ट बरी. बायकांसाठीच्या पॅडचा आकार वेगळा असतो, तेव्हा नवऱ्याच्या किंवा भावाच्या शॉर्ट्सवर भागवू नये. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडची प्लॅस्टिकची कड फार काचते. ज्यांना मेन्स्ट्रुअल कप जमतो, त्यांना लांबच्या राईडवर तो पुष्कळ सोयीचा पडतो.

मलमाबद्दल बरेच गैरसमज आहेत. टाल्कम पावडर पहिला तासभर छान वाटते, मग घामात तिच्या गोळ्या होतात आणि त्याच टोचू लागतात. पेट्रोलियम जेली घर्षण रोखते आणि स्वस्तही आहे, पण पॅडमधून धुऊन निघत नाही आणि हळूहळू पॅडची घाम टिपण्याची ताकद घालवते. सायकलसाठीचं शॅमी क्रीम त्या मानाने सहज धुतलं जातं. मेंथॉल घातलेली थंड क्रीम नाजूक जागी आग आग करतात, बायकांनी तर ती टाळावीतच. क्रीम निघण्यापूर्वी लावायचं, जांघेत आणि बैठकीच्या हाडांवर, आणि पाच-सहा तासांनी पुन्हा. जांघेतले केस वस्तऱ्याने काढू नयेत. खुंट आत वळतात आणि केसतोडाला निमंत्रण मिळतं. कात्रीने कमी केले तर चालतं.

इतकं करूनही एकाच बाजूला लागत असेल, तर दोष कपड्यात शोधू नये. सीट फार उंच असली की पॅडल खाली जाताना कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि प्रत्येक फेऱ्याला कातडी घासते. मागे उभं राहून मित्राला पाहायला सांगावं. झुलणं लगेच दिसतं. सीट थोडी खाली घेतल्यावर महिनोन्‌महिने छळणारा चट्टा नाहीसा झाल्याची उदाहरणं पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये सापडतील. शिवाय दर दहा-पंधरा मिनिटांनी सीटवरून उठावं, म्हणजे दाबलेल्या कातडीत रक्त फिरतं. शहरातले गतिरोधक हे काम आपोआप करवून घेतात. शहराबाहेर, विशेषतः पसरणी किंवा खंबाटकी घाटाच्या चढावर, तासभर एकाच जागी बसणं होतं. तिथे मुद्दाम लक्षात ठेवून उठायला हवं. बधिरपणा हा मात्र वेगळा प्रकार आहे. तो नस दाबली गेल्याचा इशारा असतो, त्याकडे डोळेझाक करू नये; थांबावं आणि सीट बदलायचा विचार करावा.

पावसाळ्यात ताम्हिणीला जाणाऱ्यांचं दुखणं आणखी निराळं. पाण्यात राहून बोटं सुरकुततात तशी जांघेतली कातडी सुरकुतते आणि मऊ पडते. त्यात मागच्या चाकावरून उडणारं मुळशीच्या रस्त्यावरचं लाल पाणी थेट पाठीवर आणि शॉर्ट्समध्ये जातं. त्या पाण्यात बारीक रेती असते. मागे साधा प्लॅस्टिकचा मडगार्ड लावला की अर्धा त्रास संपतो. रेनकोटची पँट गुडघ्यामागे काचते, त्यापेक्षा पाय भिजलेले पत्करावे.

कमरेच्या वरही बरंच काही घडतं. सायकल रॅलीत आणि आषाढीच्या आधी निघणाऱ्या पंढरपूरच्या सायकलवारीत टी-शर्ट मिळतात, बहुतेक सुती, आणि छातीवर प्रायोजकांच्या नावांची जाड रबरी छपाई. दोनशेच्या वर किलोमीटर ती छपाई छातीवर घासत राहिली की पुरुषांच्या स्तनाग्रांतून रक्त येतं. तो टी-शर्ट फोटोपुरता वर घालावा, आत जर्सी असावी, किंवा आधीच डॉक्टरी चिकटपट्टी लावावी. स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्ट्यालाही तीच काळजी लागते.

राईड संपल्यावरचा तास तर निर्णायक. पुण्यात राईड संपते मिसळीवर नाहीतर पोह्यांवर, मग गप्पा रंगतात आणि सगळे ओल्या पॅडवर बसून राहतात. जंतूंना आणि बुरशीला उष्ण, ओली, बंद जागा लागते, ती इथे आयती मिळते. सायकलच्या पिशवीत एक कोरडी सैल पँट ठेवावी आणि पहिली प्लेट येण्याआधी कपडे बदलावेत. घरी आंघोळ करून जांघ टिपून कोरडी करावी, चोळू नये. लाली दिसली तर तान्ह्या बाळांच्या रॅशवरचं झिंक ऑक्साईडचं मलम लावून झोपावं. शॉर्ट्स त्याच दिवशी, सौम्य साबणाने, उलट्या करून धुवाव्यात. साबणाचा अंश राहू देऊ नये आणि फॅब्रिक कंडिशनर वापरू नये, त्याचा थर धाग्यांची घाम ओढायची क्षमता घालवतो. पॅडची बाजू उन्हाकडे करून वाळवाव्यात. जुलैत पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून किमान दोन जोड्या हव्यात. दमट शॉर्ट्स पुन्हा चढवणं हा सगळ्यात वाईट काटकसरीचा प्रकार.

सलग काही दिवस चालवायचं असेल, तर रोज धुणं आणि रोज बदलणं हाच कार्यक्रम. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली, म्हणजे रोजची सरासरी १८० किलोमीटरच्या वर. नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची जवळपास ४,८०० किलोमीटरची रॅम शर्यत १२ दिवसांच्या मुदतीत एकट्याने पुरी केली. अशा पल्ल्यांवर कातडीची देखभाल खाण्याइतकीच वेळापत्रकात बसवावी लागते. आपल्यासारख्यांनी सहाशेच्या ब्रेव्हेत निम्म्यावर शॉर्ट्स बदलल्या तरी पुष्कळ. दुसरी जोडी वेगळ्या पॅडची असावी, म्हणजे दाब त्याच ठिपक्यावर पडत नाही.

एक इशारा कळकळीने द्यायचा आहे. जांघेत खाज सुटणारा, कडेने पसरत जाणारा गोल चट्टा म्हणजे घासल्याची जखम नसते, ती बहुधा बुरशी, म्हणजे गजकर्ण असतं. त्यावर मेडिकल दुकानातून मागून आणलेलं ‘सगळ्यावर चालणारं’ मलम लावू नये. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी दुप्पट पसरते आणि हट्टी होते. त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं आणि सायकल चालवतो हेही सांगावं. गाठ दुखत असेल, पू किंवा ताप असेल, तर गळू स्वतः फोडू नये. मधुमेह असलेल्यांनी साध्या सालट्याकडेही त्याच दिवशी लक्ष द्यावं. आणि जखम भरेपर्यंत सायकल बंद ठेवावी. चार दिवसांची विश्रांती नाकारली की महिन्याची सक्ती होते.

डिसेंबरातल्या मोठ्या राईडसाठी नवी शॉर्ट्स, नवं क्रीम किंवा नवी सीट घेतली असेल, तर ती आताच वापरून पाहावी. आधी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यावं, पुढच्या रविवारी पानशेत, मग शंभर किलोमीटर. कुठे लाल झालं ते प्रत्येक वेळी घरी आरशात पाहून घ्यावं आणि त्या जागेवर कापडाची कोणती शिवण येते ते शॉर्ट्स उलटी करून शोधावं.